लाल चिमटा आणि चार नंबरची टाकी

देवस्थळी सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्यांच्या टेबलाखाली पालथा पडलेलो होतो, त्यामुळे मला आधी दिसले ते त्यांचे पाय. इस्त्रीची पँट, काळ्या चपला, आणि उजव्या चपलेचा तुटलेला अंगठा तांब्याच्या तारेने शिवलेला. शिवण इतकी बारीक आणि सरळ की मी काम सोडून तिच्याकडेच बघत राहिलो.

डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडवर, औद्योगिक वसाहतीत सरांचा गाळा. तिथे कॉम्प्युटरचे बोर्ड दुरुस्त होतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी एका वायरमनच्या हाताखाली होतो. गाळ्यातल्या स्टॅबिलायझरचा बझर सकाळपासून केकाटत होता म्हणून आम्हाला बोलावलेलं. वायरमन सामान आणायला गेला आणि मला काही थांबवेना. चाळीसएक तारांचा गुंता होता, त्यातली नेमकी एक शोधली आणि पकडीने तोडली. बझर गप्प झाला. मी ऐटीत बाहेर आलो.

सरांनी विचारलं, “किती वेळ लागला तुम्हाला?”

“एक मिनिट, साहेब.”

“एवढ्या तारांतून बरोबर तीच शोधलीत. फार छान. आता मला सांगा, तुम्ही बिघाड घालवलात की त्याचा आवाज?”

मी म्हटलं, “आवाज गेला ना साहेब. मग अजून काय पाहिजे?”

सर मोठ्याने हसले. “आवाज मलाही घालवता येतो. पण एका मिनिटात तार शोधणारा माणूस माझ्याकडे नाही. उद्या नऊ वाजता या.”

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. शिक्षण नववी नापास. दोन वर्षांत पाच नोकऱ्या सोडलेल्या. मला ‘तुम्ही’ म्हणणारा तोपर्यंत कुणी भेटला नव्हता, पोलीससुद्धा ‘ए’ म्हणायचे. घरी जाऊन आईला सांगितलं. आमचं गाव मानपाड्याला लागूनच, आई जुन्या वळणाची. ती म्हणाली, “एवरा शिकलेला मानूस तुला अहो-जाहो करतो? मंग तू तरी जरा शाना हो.”

सरांची साठी होते आहे आणि त्यानिमित्त त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून गौरव अंक काढायचं ठरवलंय, असं सुहास राणेचं पत्र मला इकडे मस्कतला मिळालं. राणे म्हणजे गाळ्यातला माझा जोडीदार, डिप्लोमावाला, आता या अंकाचा संपादक. त्याने लिहिलंय, “तू पण लिही. चुका मी सुधारीन. आणि चार नंबरच्या टाकीचं लिहिल्याशिवाय लेख छापणार नाही.” मंडळी, मला लिहायची सवय नाही. इथे समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात मी यंत्रं सांभाळतो, आणि लिहितो ते फक्त पाळीच्या वहीत. पण टाकीची गोष्ट माझ्याशिवाय कुणी नीट सांगू शकणार नाही, कारण त्यातली चूक माझी होती. ती सांगून टाकली की आजही हायसं वाटतं.

आधी सरांच्या कामाबद्दल. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांत मोठमोठे कॉम्प्युटर येऊ लागलेले. ते बिघडले की बोर्ड परदेशी पाठवायचा, नाहीतर दुसरा मागवायचा. दोन्हींत महिने जायचे. सरांनी ठरवलं की हे बोर्ड इथेच दुरुस्त व्हायला पाहिजेत. त्यांचे नकाशे कुणी देत नसे. मग सर भिंग लावून, एकेक रेघ बोटाने धरून, जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूवर नकाशे काढायचे. आमच्या गाळ्यात एका बोर्डाचा संपूर्ण नकाशा बारा महिन्यांवर पसरलेला होता. राणे ओरडायचा, “पाटील, तो सप्टेंबर दे जरा इकडे,” आणि मी सप्टेंबर द्यायचो.

मला इंग्रजी वाचता येत नव्हतं. सरांनी कधी ‘शिकून घ्या’ असं म्हटलं नाही. ते फक्त एवढंच करायचे की चिपवरचं नाव मोठ्याने वाचायचे आणि माझ्याकडून ते कार्डावर लिहून घ्यायचे. चुकलं तर खोडायचे नाहीत, शेजारी बरोबर लिहायचे. वर्षभरात मला त्या नावांपुरतं इंग्रजी आलं. बाकीचं अजून येतंय.

आता कार्डांचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

गाळ्यात शिरल्यावर डाव्या हाताला लाकडी फळी होती, तिला खिळ्यांच्या रांगा. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक बोर्डाचं एक जाड कार्ड त्या खिळ्याला टांगलेलं. कुणी काय तपासलं, काय बदललं, ते त्यावर लिहायचं. नुसतं बघायचं असेल तर कार्ड खिळ्यावरच वाचायचं. पण वाचून त्यात काही बदल करायचा असेल तर कार्ड काढून घ्यायचं आणि रिकाम्या खिळ्याला आपला पितळी बिल्ला अडकवायचा. माझा सात नंबरचा. बिल्ला दिसला की दुसऱ्याने त्या बोर्डाला हात लावायचा नाही. काम झालं, कार्डावर लिहिलं, परत टांगलं, बिल्ला घेतला, की खिळा मोकळा. नाहीतर व्हायचं असं की दोघं एकच कार्ड वाचणार, दोघं आपापलं काम करणार, आणि नंतर लिहिणारा आधीच्याचं लिहिलेलं पुसणार.

आणि एक लाल चिमटा. कपडे वाळत घालायचा साधा चिमटा, देवस्थळीकाकूंनी घरून दिलेला. कुणी एखाद्या कार्डासाठी तीनदा आला आणि तिन्ही वेळा बिल्लाच दिसला, तर त्याने फळीच्या कडेला चिमटा लावायचा. चिमटा लागला की कुणीही नवीन कार्ड काढायचं नाही. हातातलं आहे ते पुरं करून परत टांगायचं, त्याला अडकाठी नाही. पण नवीन काही नाही, जोपर्यंत त्या थांबलेल्याला त्याचं कार्ड मिळत नाही.

एकदा सरांनी मला एका बोर्डाचा नकाशा समजावला. कॉम्प्युटरचे भाग तारांच्या ज्या पट्टीवर एकमेकांशी बोलतात तिला बस म्हणतात. दोन कॉम्प्युटर असले तर बस दोन, त्यांची रीत वेगळी, वेग वेगळा. दोघांच्या मध्ये बसून इकडचं बोलणं तिकडे पोचवणारा बोर्ड म्हणजे अडॅप्टर. सर म्हणाले, “समजा, मेमरी इकडच्या बसवर आहे आणि दोघांनाही त्यातला एकच खण वाचून बदलायचा आहे. मग काय करावं?”

मी म्हटलं, “बिल्ला लावावा.”

“बरोबर. वाचतानाच तो खण कुलूपबंद होतो. बदल लिहिला की कुलूप निघतं. तोवर दुसरा आला तर त्याला ‘नंतर या’ असं उत्तर मिळतं. आता इकडचा कॉम्प्युटर मेमरीच्या शेजारीच बसलाय. तो कुलूप काढतो आणि लगेच परत लावतो. तिकडचा बिचारा लांबून, अडॅप्टरमधून येतो. दर वेळी ‘नंतर या’. त्याने काय करावं?”

“चिमटा.”

सरांनी नकाशातल्या एका रेघेवर बोट ठेवलं. “हा तो चिमटा. ह्याला लॉकआउट म्हणतात. बरेचदा परत पाठवलं गेलं की अडॅप्टर ही तार ओढतो. मग बाकी सगळे हातातलं संपवतात आणि नवीन कुलूप लावत नाहीत.”

मी विचारलं, “म्हणजे आपली फळी तुम्ही ह्या बोर्डावरून उचललीत?”

“ज्यांनी बोर्ड बनवला तीही माणसंच होती, पाटील. कुठल्यातरी रांगेत तीही कधी ताटकळली असतील.”

मला सगळं कळलं असं मला वाटलं. आणि कळलेल्या गोष्टीचा मला लगेच कंटाळा यायचा. हा माझा स्वभावच. मध्ये एकदा तर मी न सांगता तीन आठवडे गायब झालो, एका केबल टीव्हीवाल्याबरोबर गच्च्यागच्च्यांवर तारा ओढत फिरलो. परत आलो तेव्हा मान खाली. सर बोर्डावर सोल्डरचे टाके मारत होते, वर न बघता म्हणाले, “चहा व्हायचाय अजून, बरे वेळेवर आलात.” माझा सात नंबरचा बिल्ला त्याच्या खिळ्यावर होता, आणि चकचकीत. ताराबाई म्हणाली, काकू आलेल्या, त्यांनी सगळ्यांचे बिल्ले चिंचेने घासले, तुझापण घासला. ताराबाई आमच्याकडे बोर्ड बांधायचं काम करायची. ठाण्याहून कोपरीवरून यायची, कोळीण, खणखणीत आवाजाची, पण कामाच्या बाबतीत कधी तक्रार नाही. बोर्ड फोममध्ये गुंडाळायचा, कार्डावर ‘गेला’ म्हणून लिहायचं, खोका बंद करायचा. लिहायला तिला वेळ लागायचा, म्हणून ती कार्ड मोकळं दिसेपर्यंत थांबायची.

आता चूक.

त्या दिवसांत राणे सारखा चिमटा लावायचा. तो सावकाश काम करणारा, मी घाईचा. माझ्याकडे एका वेळी चार चार कार्डं असायची. चिमटा लागला की मी अडकलो. एक दिवस मी चिमटा काढून खिशात घातला आणि खिशातच ठेवला. कुणालाच काही कळलं नाही. राणेने दोन दिवस शोधला आणि ताराबाईवर आळ घेतला, “हिने पळवला असणार, बोंबील वाळत घालायला.” ती म्हणाली, “तुजे कान वालत घालीन.” हसण्यावारी गेलं. आणि खरं सांगायचं तर काम जोरात निघू लागलं. माझं तरी.

त्याच आठवड्यात सर आपल्या आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेले. इकडे वसाहतीतल्याच एका रंगाच्या कारखान्यातून निरोप आला की मशीन परत अडकलंय. तिथे दोन कॉम्प्युटर होते. एक प्रयोगशाळेत, मेमरीच्या कपाटाला लागून. दुसरा लांब प्लांटवर, अडॅप्टरमधून जोडलेला. सामायिक मेमरीत प्रत्येक टाकीचा एक खण: मोकळी, भरती, धुलाई. टाकी भरायच्या आधी प्रयोगशाळेचा कॉम्प्युटर खण बघायचा, मोकळी असेल तर ‘भरती’ लिहून व्हॉल्व्ह उघडायचा. प्लांटवाले टाकी धुवायच्या आधी ‘धुलाई’ लिहायचे आणि मग माणूस शिडीने आत उतरायचा.

राणे दुसरीकडे अडकलेला, म्हणून मी एकटाच गेलो. दोन्ही पडदे थिजलेले. मीटर लावून पाहिलं तर लॉकआउटची तार ओढलेलीच, सोडतच नव्हती. म्हणजे चिमटा लागलाय आणि कुणी काढत नाही, म्हणून सगळे हात बांधून बसलेत. कशामुळे लागून राहिलाय ते शोधायला हवं होतं. मॅनेजर मागे उभा, घड्याळ बघतोय. मी अडॅप्टरवरची ती तार ओढणाऱ्या चिपचा एक पाय टाक्यातून सोडवून वर उचलला. तार मोकळी. दोन्ही पडदे चालू. मॅनेजरने पाठ थोपटली, भजी मागवली. कार्डावर मी लिहिलं, ‘आयसी बदलली’, म्हणजे चिप नवी घातली.

बझरची तार तोडल्याला तेव्हा दोन वर्षं झालेली, मंडळी.

सर चार दिवसांनी आले. “पाटील, एकट्याने केलंत? शाब्बास.” मी मान डोलावली. ती शाब्बासकी मला दुपारपर्यंत पुरली.

दुपारी दोनच्या सुमाराला सर चहा घेत होते आणि ताराबाई एक खोका उचलून बाहेर ठेवत होती. मी पाहिलं तर त्या बोर्डाचं कार्ड माझ्याच टेबलावर. मी म्हटलं, “अगं ताराबाई, हा कसा बांधलास? माझं काम बाकी आहे. कार्ड माझ्याकडे आहे ना?”

ती म्हणाली, “तीन वेला आले मी. तीनी वेला तुजा बिल्ला. चिमटा शोदला, कंय दिसला नाय. मंग कं करू? गिऱ्हाईक बोंबलतंय. बांदला तसाच.”

“असं विचारल्याशिवाय?”

“कुनाला विचारू? तू कवा थांबतंस?”

राणे हसला. मला हसू येईना. माझ्या डोळ्यांसमोर प्लांटवरचा पडदा आला. लांबचा तो. अडॅप्टरमधून येणारा. तिथला माणूस ‘धुलाई’ दाबणार, त्याला ‘थांबा’ दिसणार. परत दाबणार, परत ‘थांबा’. प्रयोगशाळेवाला शेजारी बसून कुलूप काढतोय, लावतोय. तार ओढून ‘मीपण आहे’ म्हणायची सोय मी उचलून ठेवलेली. आणि तिसऱ्यांदा तो काय करणार? ताराबाईने केलं तेच. बांधला तसाच. माणूस आत उतरवणार. इकडे खणात मात्र लिहिलेलं राहणार, ‘मोकळी’.

मी सरांसमोर जाऊन उभा राहिलो. शब्द जमवले नव्हते. म्हटलं, “सर, मी आयसी बदलली नाही. पाय उचललाय. लॉकआउटचा.”

सरांनी कप खाली ठेवला. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, “आज कुठली टाकी धुवायची आहे, माहीत आहे?”

“नाही.”

त्यांनी फोन उचलला, तो नेहमीसारखा मेलेला. मग राणेला म्हणाले, “तुम्ही शेजारच्या गाळ्यातून फोन लावत राहा. पाटील, स्कूटर.”

सर स्कूटर नेहमी बैलगाडीच्या चालीने चालवायचे. त्या दिवशी नाही. मी मागे बसून त्यांचा शर्ट धरलेला. दोन वळणं आणि एक फाटक, पण मला तो रस्ता संपेचना. पहारेकऱ्याने वहीत नाव लिहायला सांगितलं, सर म्हणाले, “परत जाताना लिहितो,” आणि आत. सरांनी नियम मोडलेला मी पाहिला तो तेवढा एकदाच.

चार नंबरच्या टाकीला शिडी लावलेली होती. वरचं झाकण उघडं, आतून ब्रश घासल्याचा आवाज. टाकीजवळ शिंदे उभे होते. शिंदे म्हणजे प्लांटचे पाळीप्रमुख, रिटायरमेंटला आलेले, पान खाऊन गाल फुगलेला.

सर शांतपणे म्हणाले, “शिंदे, आतल्या माणसाला वर बोलवा.”

“का हो साहेब? अर्धी धुवून झालीय.”

“आधी वर बोलवा. मग सांगतो.”

शिंद्यांनी हाक मारली. आतून आवाज आला, “आता काय? उतरा चढा, उतरा चढा, मी काय माकड आहे?” एक डोकं वर आलं, निळ्या रंगाने माखलेलं. मग खांदे, मग पूर्ण माणूस. तो शिडीवरून खाली उतरून जमिनीवर उभा राहिला. मी तिथल्या पायरीवर बसलो.

सरांनी विचारलं, “पडद्यावर ‘धुलाई’ लिहिलं गेलं होतं?”

“कसलं जातंय. चार वेळा दाबलं. ‘थांबा, थांबा.’ मशीनला काय घाई आहे? आम्हाला आहे.”

“आणि प्रयोगशाळेच्या पडद्यावर आत्ता ‘मोकळी’ असेल. ते भरती कधी करणार आहेत?”

“तीन वाजता.”

सरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. शिंद्यांनी सरांच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांना सगळं उमगलं. त्यांनी पान थुंकलं आणि आम्हाला टाकीच्या मागे नेलं. भरतीच्या पाइपावर एक हाताचा व्हॉल्व्ह होता. तो आवळून बंद, त्याच्या चाकातून साखळी, आणि साखळीला सायकलला लावतात तसलं कुलूप. शिंद्यांनी कमरेची किल्ली काढून आमच्यापुढे धरली.

“साहेब, तुमचं मशीन आल्यापासून एक दिवस मी हे कुलूप चुकवलेलं नाही. माणूस आत, तर किल्ली माझ्या कमरेला. मशीनला काय लिहायचं ते लिहू दे.”

तीन वाजता कॉम्प्युटरने आपला व्हॉल्व्ह उघडला असता तरी साखळीपाशी सगळं थांबलं असतं. निळा माणूस वाचणारच होता. माझ्यामुळे नाही, सरांमुळेही नाही. एका सायकलच्या कुलपामुळे. मला रडू आलं की हसू, सांगता येत नाही. शिंद्यांनी पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाले, “पी बाबा. टाकीत तो होता, तोंड तुझं निळं पडलंय.”

सरांनी शिंद्यांना हात जोडले. मॅनेजर धावत आलेला, त्याच्यासमोर म्हणाले, “चूक माझ्या वर्कशॉपची आहे. शिंद्यांनी सांभाळून घेतलं. ते कुलूप कधीही काढू नका, मशीन कितीही चांगलं चाललं तरी.” माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मॅनेजर बरंच बोलला. सरांनी ते सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. साठीला पोचलेल्या माणसाचा गौरव करताना त्यांच्या खाली घातलेल्या मानेबद्दल लिहू नये, असं कुणी म्हणेल. मला तरी त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं सगळ्यात मोठं तेच वाटतं.

मग आम्ही दोन्ही मशीनं बंद करून अडॅप्टर बाहेर काढला. सरांनी पाय परत खाली बसवला, टाका मारला आणि टेबललँपचा बल्ब त्या चिपच्या अगदी जवळ धरला. गरम झाल्यावर तार ओढलेली राहायची. ओल्या कापसाचा बोळा ठेवला की सुटायची. पुन्हा गरम, पुन्हा अडकली. चिप तापली की हात सोडत नव्हती, एवढाच बिघाड. सर म्हणाले, “आता बदला. आणि आता लिहा, ‘आयसी बदलली’.” पाऊण तासाचं काम होतं. चार दिवसांपूर्वीही पाऊण तासाचंच होतं.

परत जाताना सरांनी फाटकावर थांबून वहीत दोघांची नावं लिहिली.

गाळ्यात आल्यावर त्यांनी ते कार्ड काढलं. मला वाटलं, माझी ओळ खोडतील. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. “वरचं खोडू नका. खाली लिहा.” मी लिहिलं, ‘वरचे खोटे आहे. आयसी बदलली नव्हती. पाय ऊचलला होता. आज खरी बदलली.’ ‘उचलला’मधला ‘ऊ’ मी दीर्घ काढलेला. सरांनी शेजारी ऱ्हस्व ‘उ’ लिहिला, नेहमीसारखा, आणि कार्ड खिळ्याला टांगलं. मग फळीच्या रिकाम्या कडेकडे पाहिलं आणि माझ्यापुढे हात केला. मी खिशातून लाल चिमटा काढून त्यांच्या तळव्यावर ठेवला.

राणे बघतच राहिला. “साल्या, तू? आणि मी त्या बाईला बोंबील बोंबील करतोय.”

ताराबाई म्हणाली, “माफी माग आता. दोगंपन.”

आम्ही मागितली. दोघांनीपण.

सरांनी त्यानंतर ती गोष्ट कधी काढली नाही, चेष्टेतसुद्धा नाही. फक्त एक केलं, फळीवर चिमट्याची जागा बदलली. आधी तो माझ्या टेबलाच्या बाजूला होता, तो ताराबाईच्या हाताशी आणला.

पुढे काही वर्षांनी मस्कतच्या नोकरीसाठी मुंबईत मुलाखत होती. माझ्याकडे दाखवायला एकही प्रमाणपत्र नव्हतं. सरांनी एक पत्र दिलं, बंद पाकिटात. मुलाखत घेणाऱ्याने ते वाचलं, परत वाचलं, आणि मला एकच प्रश्न विचारला, कधी येऊ शकाल. पत्रात काय होतं ते मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. मागच्या सुट्टीत काकूंनी त्याची कार्बन कॉपी दाखवली. चार ओळींचं पत्र. शेवटची ओळ अशी होती: ‘यांच्या हातून चूक झाली तर ती तुम्हाला यांच्याच तोंडून कळेल, आणि वेळेत कळेल.’

मी ती वाचली तेव्हा काकू पोहे करत होत्या. म्हणाल्या, “अरे, डोळे का पुसतोयस? कांदा मी चिरतेय.”

इकडे मी सहा वर्षं एकाच नोकरीत आहे. आईला हा चमत्कार वाटतो. अजूनही मला एका जागी बसवत नाही, पाळी संपली की मी किनाऱ्याने मैलभर चालून येतो. पण यंत्राचा बझर वाजला की मी तो गप्प करत नाही. हाताखालच्या पोरांना त्रास होतो, ते म्हणतात, “भाई, पहले आवाज तो बंद करो.” मी म्हणतो, वाजू दे. कोण थांबलंय ते आधी बघू.

सर, तुमच्या गाळ्यात आजही सकाळपासून माणसं येतात, कुणी बोर्ड घेऊन, कुणी नकाशा विचारायला, कुणी नुसतंच बसायला, असं राणे लिहितो. तुम्ही कुणालाच ‘नंतर या’ म्हणत नाही. काकूंना तुमच्याबरोबर कोकणात जायचं होतं, ते दर वर्षी राहून जातं, हेही त्याने लिहिलंय. तेव्हा एक विनंती. एकदा तुमच्या स्वतःच्या नावाने तो लाल चिमटा लावा. हातातलं काय असेल ते आम्ही पुरं करू, कार्डावर खरं खरं लिहू आणि परत टांगू. नवीन कुणी काही काढणार नाही, याची जबाबदारी ताराबाईंनी घेतली आहे, मी पत्राने विचारून घेतलंय. तुम्ही आणि काकू सावकाश जा, सावकाश या. तुमची तब्येत ठणठणीत राहो, हात असाच स्थिर राहो, डोळ्यांना भिंगाशिवाय दिसो. पंचाहत्तरीच्या अंकातही मला लिहायचंय, आणि तेव्हा तुम्ही माझ्या ओळी न खोडता शेजारी बरोबर अक्षर लिहावं, एवढीच इच्छा आहे.

दिनेश पाटील
(बिल्ला क्रमांक सात)